दूध-चपातीवर वाढणारं लॅब आणि कॅल्शियमची बाटली

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय, त्यातला मुद्द्याचा भाग आधी देतीये म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल.

"मॅडम, आमचा बंड्या पाच महिन्यांचा लॅब (लॅब्रेडॉर कुत्रा) आहे, वजन सोळा किलो. रोज अर्धा लिटर दूध, पाच चपात्या कुस्करून, आठवड्यातून तीनदा दीडशे ग्रॅम बोनलेस चिकन (आमच्या किचनमध्ये नॉनव्हेज चालत नाही, मिस्टर टेरेसवर वेगळ्या पातेल्यात शिजवतात). दुकानदाराने कॅल्शियमचं सिरप दिलंय, ५ मिलीत १५० मिलिग्राम लिहिलंय, रोज दोन चमचे देते. तरी पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकल्यासारखे दिसतात, ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती खपल्या आल्यात, पंजे भेगाळलेत. दुकानदार म्हणतो डोस डबल करा आणि एक मल्टिव्हिटॅमिन पण सुरू करा. सासूबाईंच्या व्हिटॅमिन डीच्या पुड्या घरात आहेत त्यातली एखादी देऊ का? सकाळी अर्धा तास उन्हात बसवते. सासरे म्हणतात गावाकडची कुत्री भाकरीवरच जगली. कुत्र्याला कोणकोणती व्हिटॅमिन आणि मिनरल लागतात त्याचा एक चार्ट द्या ना."

ताई, सगळ्यात आधी ती पुडी. देऊ नका. आजच ती डबी बंड्याचं तोंड पोचणार नाही अशा कपाटात ठेवा, लॅब आहे तो, पाकिटासकट खाऊन टाकेल. त्या पुडीत ६०,००० युनिट असतात. बंड्याएवढ्या पिल्लाला दिवसाला साधारण दीडशे युनिट पुरतात, म्हणजे एका पुडीत त्याचा वर्षभराचा कोटा आहे. विषबाधेची लक्षणं जिथून दिसायला लागतात त्या पातळीच्या अगदी जवळ जातो हा डोस, आणि छोट्या कुत्र्यात तर ती पातळी कधीच ओलांडली जाते. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी चार किलोची एक पॉमेरेनियन आणली होती, खात नाही, उलट्या करते, सारखं पाणी पिते आणि घरभर लघवी करते म्हणून. विचारता विचारता कळलं की घरातल्या आजी आपली पुडी घेताना आठवड्याला एक हिलाही दुधातून द्यायच्या, हाडं मजबूत व्हावीत म्हणून, सहा आठवडे दिल्या. रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलं होतं की किडन्या गेल्या होत्या, आठ दिवस सलाईन लावून पण ती वाचली नाही. त्या आजी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होत्या, त्यांनी मायेनेच दिलं होतं हो सगळं. म्हणून मी ही गोष्ट प्रत्येकाला सांगते. व्हिटॅमिन बी जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं, पण ए आणि डी लिव्हरमध्ये, चरबीत साठत राहतात आणि मग शरीराला ते लवकर बाहेर काढता येत नाही.

आता उन्हाचं. कोवळ्या उन्हात बसवताय त्यात काही वाईट नाही, त्याला आवडतही असेल, पण त्यातून त्याला व्हिटॅमिन डी मिळत नाही. माणसाच्या कातडीत ऊन पडलं की डी तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ज्या पदार्थापासून ते बनतं तोच फार कमी शिल्लक असतो, त्यामुळे कुत्र्याला डी खाण्यातूनच लागतं, म्हणजे अंड्याचा पिवळा भाग, कलेजी, बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे, किंवा पॅकेटच्या डॉग फूडमध्ये मापून घातलेलं. उलट व्हिटॅमिन सी आपल्याला बाहेरून लागतं आणि कुत्रा ते स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतो, त्यामुळे आवळा, लिंबू, संत्र्याच्या गोळ्या यातलं काही त्याला द्यायची गरज नाही. एवढ्या दोन गोष्टींवरून सुद्धा लक्षात येईल की माणसाचा हिशोब कुत्र्याला लावून चालत नाही.

तुमच्या पत्रातली दूध-चपाती वाचली आणि मला एकदम मेलॅन्बीची पिल्लं आठवली. लंडनमध्ये एडवर्ड मेलॅन्बी नावाचा शास्त्रज्ञ होता, पहिलं महायुद्ध संपता संपता त्याने कुत्र्याच्या पिल्लांना घरात ठेवून दूध-पाव, ओट्सची लापशी असलंच खायला घातलं आणि पिल्लांचे पाय वाकले, मुडदूस झाला. मग कॉड माशाच्या लिव्हरचं तेल दिलं की व्हायचा नाही. १९१९ मध्ये त्याने हे छापलं, पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम नावाच्या शास्त्रज्ञाने त्या तेलातला हा गुण व्हिटॅमिन एपेक्षा वेगळा आहे हे दाखवलं आणि त्याला डी नाव मिळालं. म्हणजे लहान मुलांचा मुडदूस कशाने बरा होतो हे जगाला कळलं ते दूध-पावावर वाढलेल्या पिल्लांमुळे. आणि शंभर वर्षांनी आपण अजून लॅबच्या पिल्लाला तेच दूध आणि तेच धान्य घालतोय, पावाच्या जागी चपाती एवढाच फरक. याच मेलॅन्बीने नंतर दाखवलं की ओट्समध्ये, धान्याच्या कोंड्यात फायटेट म्हणून एक पदार्थ असतो तो कॅल्शियम शोषू देत नाही. हे फायटेट लक्षात ठेवा, खपल्यांपर्यंत आलो की पुन्हा लागेल.

चार्ट मागितलात, पण मला वाटतं चार्टपेक्षा बंड्याच्या भांड्याचाच हिशोब मांडूया, तो तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. त्याच्या वयाला आणि वजनाला दिवसाला साधारण साडेअकराशे कॅलरी लागतात आणि वाढत्या पिल्लाला हजार कॅलरीमागे ३ ग्रॅम कॅल्शियम हवं, म्हणजे बंड्याला रोज साडेतीन ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या लिटर दुधात मिळतं ६०० मिलिग्राम. पाच चपात्यांची कणीक दीडशे ग्रॅम धरली तर त्यात जेमतेम ५०. चिकनच्या दिवशी त्या दीडशे ग्रॅममधून २० सुद्धा नाही, बोनलेस मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. तुमचे दोन चमचे सिरप ३००. सगळं मिळून एक ग्रॅमच्या आत! लागतं साडेतीन. आता दुकानदार म्हणतो डबल करा, म्हणजे अजून ३००. नुसत्या सिरपने खड्डा भरायचा म्हटलं तर आणखी सतरा चमचे रोज लागतील, दोनशे मिलीची बाटली दोन दिवसात संपेल, आणि नुसत्या दुधाने भरायचा तर आणखी दोन लिटरच्या वर दूध, ज्याने त्याचं पोट बिघडेल.

फॉस्फरसची बाजू पण बघा. कॅल्शियम आणि फॉस्फरस ही जोडी आहे, कुत्र्याच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्त हवं, दुपटीच्या वर नको. बंड्याच्या भांड्यात फॉस्फरस सव्वा ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे कॅल्शियमपेक्षा जास्त, तराजू उलटा. (नुसत्या बोनलेस चिकनमध्ये तर फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो, त्यामुळे "आम्ही भरपूर चिकन देतो" म्हणणाऱ्यांच्या पिल्लांची हाडं सुद्धा नरम निघतात.) खाण्यातून कॅल्शियम आलं नाही की मानेतली पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करायला लागते आणि रक्तातली पातळी टिकवायला हाडांतून कॅल्शियम काढून घेते. म्हणून रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल येतं आणि लोक निर्धास्त होतात, आणि इकडे हाड आतून पोकळ होत असतं, अशा पिल्लाने सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडू शकतो. तेव्हा बंड्याला सध्या जिना, उड्या, गुळगुळीत फरशीवर पळापळ बंद. फरशीवर जुनी सतरंजी टाका.

पाय वाकण्यामागे मात्र हे एकच कारण असेल असं मी पत्र वाचून म्हणणार नाही, पिल्लांमध्ये मनगटाची सैलसर ठेवण, जखमेमुळे हाडाची वाढ थांबणं, अशी बाकीची कारणं पण असतात, म्हणून दोन्ही पुढच्या पायांचा एक्स-रे काढायचाच. तो बघितल्याशिवाय कुणी कॅल्शियमचं इंजेक्शन सुचवलं तर थांबा आणि आधी एक्स-रे म्हणा.

खपल्या. तुम्ही लिहिलंय ओठांभोवती, डोळ्यांभोवती आणि पंजे भेगाळलेत. वाढत्या पिल्लात, त्यात मोठ्या जातीच्या, धान्यावर वाढणाऱ्या पिल्लात हे तिन्ही एकत्र दिसलं की मला पहिला संशय झिंकचा येतो. एक गोष्ट घरीच बघा, पंजा उलटा करून खालच्या गादीवर बोट फिरवा. निरोगी पिल्लाची गादी मऊ रबरासारखी लागते, झिंक कमी असलं की ती कडक, सुकलेल्या चिखलासारखी लागते आणि कडेला पापुद्रे सुटतात. आता ते मघाचं फायटेट. चपातीतलं फायटेट झिंकला धरून ठेवतं, आणि त्यावर कॅल्शियम ओतलं की ती पकड आणखी घट्ट होते, म्हणजे दुकानदाराने सांगितलेला डबल डोस हाडांना तर पुरणार नाहीच, वर कातडी अजून बिघडवेल. तरी आधी स्किन स्क्रेपिंग (कातडी हलकेच खरवडून केलेली तपासणी) करून घ्या, कारण डोळ्यांभोवतीची खरूज आणि फंगस दिसायला अगदी अशीच असते आणि तिचं औषध पूर्ण वेगळं. ती नसली तर फक्त खाणं सुधारलं तरी दोन ते सहा आठवड्यात खपल्या जातात. माणसांच्या झिंकच्या गोळ्या आणून देऊ नका, झिंक जास्त झालं की उलट्या होतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मग करायचं काय. ताई, मी घरच्या खाण्याच्या विरोधात नाही, पण मोठ्या जातीचं पिल्लू वाढत असताना घरच्या घरी सगळं जुळवणं फार अवघड आहे आणि चूक झाली तर ती हाडात कायमची राहते. म्हणून बंड्याचं वर्ष-सव्वा वर्ष होईपर्यंत त्याला "लार्ज ब्रीड पपी" लिहिलेलं चांगल्या कंपनीचं ड्राय फूड द्या. पाकिटामागे दोन गोष्टी शोधा, एक म्हणजे वाढीच्या वयासाठी संपूर्ण आणि संतुलित असं लिहिलेलं असावं, आणि दुसरं कॅल्शियमचा आकडा, तो साधारण १.२ ते १.८ टक्क्यांच्या मध्ये असावा. सात-आठ दिवसात हळूहळू बदला, पहिले दोन दिवस चार भागात एक भाग नवीन, मग निम्मं, मग तीन भाग. पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे मोजून द्या, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, गुबगुबीत पिल्लू गोड दिसतं पण त्याच्या कच्च्या हाडांवर ते ओझंच. दिवसाच्या खाण्यातला दहावा भाग तुमच्या हातचा चालेल, एखादी चपाती, चार चमचे दही, उकडलेलं अंडं टेरेसवर चालत असेल तर ते, पण अर्धं पाकिटातलं आणि अर्धं दूध-चपाती असं केलंत तर पुन्हा तराजू गेला.

आणि ज्या दिवशी पूर्ण डॉग फूडवर येईल त्या दिवशी ते सिरप बंद! हे मी मुद्दाम सांगतीये कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात, खाणं सुधारतात आणि बाटलीही चालू ठेवतात, "थोडं जास्त गेलं तर काय बिघडतंय" म्हणून. बिघडतं. मोठा कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातून शोषून घेत नाही, सोडून देतो, पण साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला हा नळ बंद करता येत नाही, जितकं खाल्लं त्यातलं बरंच आत जातं. मग लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असल्या जातींत हाडं वेडीवाकडी वाढतात, सांध्यातली कूर्चा नीट पक्व होत नाही. मल्टिव्हिटॅमिन पण नको, पाकिटात ते सगळं मापून घातलेलं असतं. एक्स-रेत हाडं फार नरम दिसली तर तुमचे डॉक्टर काही दिवस मोजून कॅल्शियम देतील, ती गोष्ट वेगळी, पण ते मोजतील तेवढंच आणि तेवढेच दिवस.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ते म्हणतात ते खोटं नाही, गावाकडची कुत्री भाकरीवर जगली, पण नुसत्या भाकरीवर नाही ना. गोठ्यात वासराची वार पडली ती खाल्ली, खाटकाच्या दारातली हाडकं, उंदीर, घुशी, कोंबडीची अंडी पळवली, आणि ती होती वीस किलोची गावठी कुत्री, चाळीस किलोपर्यंत झपाट्याने वाढणारा लॅब नव्हे. शिवाय सात पिल्लातली किती मोठी झाली ते कुणी मोजत नव्हतं. नुसत्या धान्यावर ठेवलं तर काय होतं याचा आपल्याकडचाच दाखला आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत साठच्या दशकात कुत्र्यांना ज्वारीचा आहार दिला तर त्यांना काळ्या जिभेचा आजार झाला, जो नायासिन या बी गटातल्या व्हिटॅमिनच्या कमतरतेचा आहे. आपल्या दख्खनच्या पट्ट्यात नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या माणसांना याच कमतरतेचा पेलाग्रा हा आजार व्हायचा, त्याचं कोडं सोडवताना हे केलं होतं. ज्वारी वाईट नाही, एकटी पुरत नाही.

नाचणीचं पण तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रामच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यात सगळ्यात जास्त, पण तिच्यातही फायटेट आहेच, आणि साडेतीन ग्रॅमसाठी किलोभर नाचणी लागेल. थोडी आंबील दिली तर चालेल, तिच्या भरवशावर राहू नका.

बंड्या मोठा झाल्यावर, सव्वा वर्षानंतर, घरचं द्यायचं असेल तर खुशाल द्या, फक्त तेव्हा त्याच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे रेसिपी आणि त्यात घालायचं मिनरल मिक्स लिहून घ्या. तेव्हासाठी थोडक्यात सांगून ठेवते. अर्धा किलो बोनलेस चिकनमागे अर्धा चमचा अंड्याच्या टरफलाची पूड लागते, टरफलं दहा मिनिटं उकळून, खडखडीत वाळवून, मिक्सरला मैद्यासारखी बारीक करायची, चमचाभर पुडीत दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम येतं. शिजवलेली हाडं मात्र नकोत, बिर्याणीतली तर अजिबातच नकोत, ती चिरफळतात आणि आतडं फाडतात. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, दोन-तीन तुकडे बास, तिच्यात ए, बी१२, लोह, कॉपर सगळं आहे, पण रोज वाटीभर दिली तर एचा अतिरेक होऊन मान आणि सांधे आखडतात. आणि लॅबच्या काही घराण्यांत कॉपर लिव्हरमध्ये साठतं, तेव्हा बेतानेच. अंडं द्याल ते शिजवून, कच्चा पांढरा भाग बायोटिन (हेही बी गटातलं व्हिटॅमिन) अडवतो. आणि मीठ! कुत्र्याला मीठ घातलं की केस झडतात असं सगळीकडे सांगतात, पण निरोगी कुत्र्याला सोडियम लागतं आणि घरच्या खाण्यात आयोडीन येणार कुठून, त्या आयोडीनच्या मिठातूनच, तेव्हा घरच्या जेवणात एक चिमूट घाला. पाकिटातल्या खाण्यात ते आधीच असतं, तिथे वरून नको.

लोहाच्या टॉनिकबद्दल एवढंच, पुढेमागे बंड्याच्या हिरड्या पांढरट दिसल्या तर मेडिकलमधून टॉनिक आणू नका, आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर गोचीड-ताप आणि पोटातले हुकवर्म हीच रक्त कमी होण्याची नेहमीची कारणं असतात, त्यांना टॉनिकने काही होत नाही, आणि माणसांच्या लोहाच्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते पत्रात नाही, ते बघून घ्या.

खर्चाचं मला माहितीये, पाकिटाचं खाणं महाग पडतं. पण दूध, चिकन, सिरप, आणि आता सुचवलेलं मल्टिव्हिटॅमिन या सगळ्याची एकदा महिन्याची बेरीज करून बघा, फरक वाटतो तेवढा नाही निघणार, आणि मोडलेल्या पायाच्या प्लेटिंगच्या बिलापुढे तर काहीच नाही. मोठी गोणी घेतलीत तर अजून स्वस्त पडेल, फक्त हवाबंद डब्यात ठेवा, आपल्या दमट हवेत उघड्या गोणीतली चरबी खवट होते आणि तिच्याबरोबर व्हिटॅमिन ई पण जातं.

तर या आठवड्यात एक्स-रे आणि स्किन स्क्रेपिंग, पुडीची डबी वर, आणि खाण्याचा बदल. एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून मोबाईलवर फोटो काढा, स्पष्ट येतो, तो मला पाठवा, आणि तीन आठवड्यांनी पंज्यांचा एक. गादीवरचे पापुद्रे गेलेत का ते त्यावरून मला कळेल.